मुरलेला हात

करपल्याचा वास आधी बनुबाईला आला. तिने चुलीत बघितलं, तव्यावर बघितलं, दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांकडे बघितलं. कुठेच काही नव्हतं. मग तिची नजर सुकन्याच्या हाताकडे गेली आणि हातातला उंडा परातीत टाकून ती ओरडली, "अगं सुकने, हात! हात काढ की तव्यावरनं!"

सुकन्याने खाली बघितलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तव्याच्या काठाला टेकलं होतं. भाकरीवर पाणी फिरवून झाल्यावर जेवायला किती पोरं बसली ते बघायला तिने मान वळवली होती, तेवढ्यात ती दोन बोटं तिथेच राहिली होती. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. कातडी पांढरी पडली होती. तिने हात काढला तो दुखलं म्हणून नव्हे, बनुबाई ओरडली म्हणून.

"भाजलं का गं लई?"

"न्हाई ओ आक्का. उगं जरासं लागलं."

"धन्य हाय बाई तुझी," बनुबाई म्हणाली. "आमाला चटका बसला तर आमी गाव गोळा करतो, आन हिला पत्ताच न्हाई. हात मुरलाय गं तुझा. असा हात व्हायला वीस वरीस तव्याफुडं बसावं लागतं."

भाकऱ्या करणाऱ्या बायकांत या गोष्टीचं भारी कौतुक. उलथणं हातात न घेता नुसत्या बोटांनी भाकरी उलटायची, तापल्या तव्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. ज्या बाईला हे जमलं तिचा हात मुरला. माणसाला कशाचा अभिमान वाटेल, काही सांगता येत नाही. सुकन्यालाही वाटायचा. दोन वर्षांपासून तिला उजव्या हाताला चटका म्हणून बसत नव्हता, आणि दोन वर्षं ती हे ऐकून हसत आली होती.

त्या दिवशीही ती हसली. पण उरलेल्या भाकऱ्या झाल्या, परात धुवायला ती मागच्या हौदावर गेली, तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिने ती करंगळी दातांत धरली आणि चावली. जोरात चावली. दातांचे वण उठले. बोट मात्र दुसऱ्या कुणाचं असावं तसं गप्प राहिलं.

सुकन्याने ती करंगळी पदरात गुंडाळली आणि परात उचलली.

हे वसतिगृह कर्जतच्या बाहेर, राशीनकडे जाणाऱ्या रस्त्याला. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं दिवाळीनंतर इथे यायची आणि आईबाप कोयता घेऊन कारखान्यांकडे गेले की पाच-सहा महिने इथेच राहायची. पोरं नव्वद, आणि भाकऱ्या थापायला बायका दोन. बनुबाई पन्नाशीची, माळावरच्या कोरडवाहू शेतकरी घरातली. वीस वर्षं ऊस तोडून तिचे गुडघे कामातून गेले होते. तिचा मुलगा आणि सून अजून तोडीला जात, आणि नातू इथेच राहून शिकत होता. सुकन्या पस्तिशीची, बौद्धवस्तीतली. नवरा अंगद बाजार समितीत हमाल, पदरात दोन मुली.

आठ वर्षांपूर्वी सुकन्या इथे कामाला लागली, त्याच दिवशी तीन पालक आपापल्या पोरांच्या ट्रंका उचलून चालते झाले होते. का, ते कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं. तिच्या मागोमाग कामाला लागलेल्या खुद्द बनुबाईने पहिले चार महिने घरून भाकरी बांधून आणली होती. मग एका दुपारी तिने फडकं आणलंच नाही. काही न बोलता सुकन्याच्या तव्यावरची भाकरी उचलली, मोडली आणि खाल्ली. पुढच्या हंगामात ते तीन पालकही मुकाट्याने पोरांना घेऊन परत आले. आता तर सव्वीस जानेवारीला येणारे पाहुणेसुद्धा सुकन्याच्या हातची भाकरी मागून घ्यायचे. ती हे कुणापुढे बोलून दाखवत नसे, पण जन्माला येऊन आपण काय कमावलं असं कुणी विचारलं असतं, तर तिने एवढंच सांगितलं असतं. लोक तिच्या हातचं खात होते.

आणि आता तो हातच.

घरी आल्यावर तिने दार लोटून पोलक्याची बाही वर सारली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट डाग होता. तो तिने आधीही पाहिला होता, नायटा म्हणून त्याला दोनदा मलमही लावलं होतं. आज तिने त्याला सुईचं टोक लावलं. डागाच्या बाहेर टोचलं. डागात टोचलं नाही. पुन्हा लावून बघितलं. मग सुई डब्यात ठेवली, बाही खाली ओढली आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

तिच्या आईच्या चुलत्याला महारोग झाला होता. आसाराम त्याचं नाव. त्याचं खोपट ओढ्यापलीकडे होतं आणि त्याची भाकरी एका धोंड्यावर ठेवून यायची असे. ठेवणारा माणूस मागे फिरला की मगच आसारामने धोंड्याजवळ यायचं. ज्यांना एके काळी सगळं गाव शिवत नव्हतं, त्यांनीच त्याला शिवणं सोडलं होतं. सुकन्या तेव्हा सात वर्षांची होती. तो लांबून तिला नावाने हाक मारायचा, आणि आई तिच्या दंडाला धरून तिला घराकडे ओढायची. तो गेला तेव्हा खोपटासकट सगळं पेटवून दिलं. त्याच्यासाठी रडताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं.

रात्री अंगदने विचारलं, "तोंड का उतारलंय?" ती म्हणाली, डोकं दुखतंय. अंगद भला माणूस, पण त्याला सांगायचं म्हणजे हे खरं आहे असं मोठ्याने बोलायचं, आणि तेवढी हिंमत तिच्यात नव्हती. त्या दिवसापासून मुलींच्या ताटात वाढताना ती डाव्या हाताने वाढू लागली. धाकटी म्हणाली, "आई, डाव्या हातानं का गं?" तर तिच्यावर उगाच खेकसली.

सोमवारी वसतिगृहावर टेम्पो आला आणि त्यातून मशीन उतरलं.

सत्त्याण्णव साल होतं. पुण्याच्या एका दानशूर माणसाने संस्थेला पोळ्यांचं मशीन देऊ केलं होतं. आठवडाभर वापरून बघा, पसंत पडलं तर ठेवा, नाहीतर परत पाठवा, असा निरोप होता. पत्र्याचं, पलंगाएवढं धूड ते. एका तोंडाने पीठ आणि पाणी घालायचं, कणीक तेच मळायचं, गोळे तेच कापायचं, दाबायचं तेच, आणि गॅसवरून सरकत सरकत दुसऱ्या तोंडाने पोळी पत्र्याच्या डब्यात टाकायचं. ते दाखवायला आलेला माणूस शर्टाची इस्त्री सांभाळत बोलत होता.

"बघा ताई, तासाला चारशे पोळ्या. आणि मुख्य म्हणजे, अजिबात हात लागत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणाचा हात लागत नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुकन्याने मात्र ते वाक्य गिळून ठेवलं. कुणाचा हात लागत नाही. तिला वाटलं, हे मशीन पुण्याहून आपल्यासाठीच आलंय. हात लागला नाही तर पोरांना काही होणार नाही. हात तव्याजवळ गेला नाही तर भाजणार नाही, भाजला नाही तर कुणाला कळणार नाही. मशीनचा खटका डाव्या हातानेही दाबता येतो.

बनुबाईने डब्यात पडलेली पहिली पोळी उचलली, दोन्ही हातांनी ताणली आणि म्हणाली, "सायेब, ही खायाची का चपलंला लावायची?"

पोरं फिदीफिदी हसली. तो माणूसही ओशाळं हसला. मग बनुबाईने हट्टाने त्यात ज्वारीचं पीठ घालायला लावलं. ज्वारीची कणीक दाबाखाली फाटली, तिचे तुकडे गॅसवर पडून जळले, सगळीकडे धूर झाला आणि मशीन बंद करून खरवडावं लागलं. "भाकरीचं तेवढं जमत नाही," तो माणूस म्हणाला. बनुबाई कमरेवर हात ठेवून सुकन्याकडे बघून अशी हसली, जणू दोघींनी मिळून कुस्ती मारली होती.

वसतिगृहाचे रेक्टर रंगनाथ सर सज्जन होते, पण त्यांना कुठल्याही गोष्टीचा निर्णय स्वतःच्या अंगावर घ्यायला आवडत नसे. त्यांनी सुकन्याला बाजूला बोलावलं. "सुकन्याबाई, स्वयंपाकघर तुमचं. मशीन ठेवायचं की हाताचंच चालू द्यायचं, ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं मी संस्थेला कळवतो. फक्त एक आहे, मशीन ठेवलं तर मग एकाच बाईचं काम उरतं. गुरुवारपर्यंत सांगा."

"एकाच बाईचं," सुकन्या म्हणाली.

"तुमचंच राहील. तुमची नोकरी जुनी."

पुढचे तीन दिवस सुकन्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी मशीन चालायचं, संध्याकाळी भाकऱ्या. दुसऱ्या दिवशीच पोरं पोळ्या चघळत बसू लागली आणि संध्याकाळच्या भाकरीवर तुटून पडू लागली. एकेक पोरगं भाकरी मोडून तोंडात घालायचं आणि सुकन्याला आपण त्याच्या तोंडात काय घालतोय असं व्हायचं. बनुबाईचा नातू तर नेहमी तिच्याजवळ येऊन, "काकू, तुमच्या तव्यावरची द्या," म्हणायचा. ती म्हणायची, "आजीची घे रं." तो रुसायचा. बनुबाई म्हणायची, "दे की गं, त्याला तुझीच लागती." तिने दिली, आणि तो खात असताना तिच्याने तिकडे बघवलं नाही.

आणखी एक गोष्ट झाली. तिची भाकरी गोल येईना. भाकरी थापताना शेवटच्या दोन बोटांनी तिला रेटा देत फिरवायचं असतं. ती बोटं रेटा देईनात, वाकडी राहू लागली. एका अंगाला कड जाड राहायची आणि कच्ची लागायची. बनुबाईने एक भाकरी उचलून निरखली. "काय गं, ध्यान कुठं हाय तुझं? मशीनच्या धास्तीनं हात बिघडला व्हय?"

"व्हय," सुकन्या म्हणाली. ती चटकन म्हणून गेली आणि मग तिला रडूच आलं. बनुबाईला वाटलं, बिचारीला आपल्या कामाची काळजी. तिने सुकन्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडतीस कशापाय? ते डबडं जातंय माघारी. तू सांगायचीस आन ते जायाचं. दोघी बसू की अशाच म्हातारपनापतुर."

तो पाठीवरचा हात सुकन्याला विस्तवासारखा पोळला. तिथे मात्र तिला सगळं कळत होतं.

गुरुवारी दुपारी रंगनाथ सर स्वयंपाकघराच्या दारात आले. बनुबाई पीठ चाळत होती. सरांनी विचारलं, "मग, काय ठरलं?"

सुकन्याने चुलीकडे बघितलं. बनुबाईकडे बघायचं तिने टाळलं. "मशीन ठिवा, सर."

चाळणीचा आवाज थांबला. सरांनाही ते अपेक्षित नव्हतं. "नक्की?"

"व्हय. पोरास्नी मशीनचंच बरं. सोच्छ ऱ्हातं."

सर गेल्यावर बनुबाईने चाळलेलं पीठ डब्यात भरलं. मग चाळणी उपडी करून ठोकत तिने विचारलं, "सोच्छ? माझा हात घान हाय व्हय गं?"

"तसं न्हाई आक्का..."

"मंग कसं? सांग की. माझ्या पोटावर पाय दिलास तो दिलास, वर सोच्छ म्हनतीस. चार म्हयनं मी तुझ्या हातचं खाल्लं न्हाई, त्याचा आता वचपा काढलास व्हय?"

सुकन्याने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण डोळ्यांपुढे ओढ्यापलीकडचा तो धोंडा आला आणि तिने तोंड मिटलं. तिचं गप्प राहणं बनुबाईने होकार म्हणून घेतलं. तिने पदर खोचला, दारात आलेल्या नातवाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि संध्याकाळच्या भाकऱ्यांना न थांबता निघून गेली.

शुक्रवारी सकाळी पोरांकडून कळलं की बनुबाई तोडीला, आधीच गेलेल्या मुलाच्या टोळीत चालली आहे. टोळीला कमी पडलेली माणसं घेऊन मुकादमाचा ट्रक रविवारी निघणार होता. ज्या बाईला पायऱ्या चढताना भिंत धरावी लागते, ती आता पहाटेच्या गारठ्यात फडात वाकून उसाच्या मोळ्या बांधणार होती. आणि हे सुकन्याने केलं होतं. मशीन खडखडत होतं, पोळ्या डब्यात पडत होत्या, आणि ती एकटी त्याच्यापुढे उभी राहून हाताला फडकं गुंडाळत होती.

त्याच सकाळी आरोग्य खात्याचे तपासनीस सायकलवरून आले.

वर्षातून एकदा ते यायचे, पोरांना उघडं करून उन्हात उभं करायचे आणि महारोगाच्या डागांसाठी पाठपोट न्याहाळायचे. दरवर्षी सुकन्या त्यांना चहा देत असे. या वर्षी त्यांना फाटकातून आत येताना बघितल्याबरोबर तिने हाताला गुंडाळलेलं फडकं सोडून टाकलं. ती कोठीच्या खोलीत शिरली आणि ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसली. बाहेर ते एकेका पोराचं नाव पुकारत होते. प्रत्येक नावाला ती श्वास धरायची. कुणाच्या अंगावर डाग निघाला तर? निघाला तर तो माझ्यामुळे. बनुबाईच्या नातवाचं नाव आलं तेव्हा तिने डोळे गच्च मिटून घेतले. "चल, पळ," तपासनीस म्हणाले. ती पोत्याला डोकं टेकून रडली.

नव्वद पोरं झाली. एकाच्याही अंगावर काही निघालं नाही. तपासनीस पाणी मागायला आत आले. मशीन एकटंच फिरत होतं आणि पोळ्यांचा वास जळका येऊ लागला होता. आता बाहेर येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती आली, घाईघाईने डबा ओढला. डबा तापलेला होता. डाव्या हाताने तिने तो चटकन सोडला. उजवा हात तसाच राहिला.

त्या माणसाने वीस वर्षं हेच काम केलं होतं. ते रंगनाथ सरांच्या कचेरीकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "ताई, बसा जरा. हात बघू."

"काय न्हाई झालं. मुरलाय हात. भाकऱ्या करती ना मी."

"बसा तर खरं."

ती बसली. त्यांनी तिची बाही वर केली, डाग बघितला, कोपराच्या आतल्या अंगाला दाबून काहीतरी चाचपलं. मग खिशातून पेन काढलं. "डोळे मिटा. मी बोटांना पेन लावतो. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताने दाखवायचं."

तिने डोळे मिटले. पेन अंगठ्याला लागलं, तिने दाखवलं. मधल्या बोटाला लागलं, दाखवलं. मग ते थांबले. ती वाट बघत राहिली. बाहेर पोरांचा गलका चालला होता. ती आणखी वाट बघत राहिली. शेवटी न राहवून म्हणाली, "लावा की."

तिने डोळे उघडले. पेनचं टोक तिच्या करंगळीत रुतलेलं होतं. बोटावर निळ्या शाईचे दहा-बारा ठिपके उमटले होते.

सुकन्या त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. ती रडली नाही. तिला फक्त एकदम थंडी वाजू लागली.

"घाबरू नका," तपासनीस म्हणाले. "आता याला औषध आहे. उद्या सरकारी दवाखान्यात या, डॉक्टर बघतील. सहा महिने गोळ्या, फुकट. रोग बरा होतो. बोटांची जाणीव परत येईलच असं मी खोटं सांगत नाही, तेवढं जपावं लागेल. तव्यापासून लांब राहा, भांडं धरायला फडकं घ्या."

"पोरं," ती म्हणाली. "पोरांनी माझ्या हातचं खाल्लंय. दोन वरीस."

"खाल्लं तर खाल्लं. हा रोग अन्नातनं होत नाही. भाकरीतनं तर नाहीच नाही. नव्वद पोरं बघितली की मी आता. खुशाल भाकऱ्या थापा."

त्यांना वाटलं, हे ऐकून बाईचा जीव भांड्यात पडेल. सुकन्याने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भाकरीतून होत नव्हतं. म्हणजे मशीन नको होतं. म्हणजे बनुबाईला तिने फुकाफुकी फडात धाडलं होतं.

ट्रक रविवारी निघणार होता. मशीन अजून इथलं झालं नव्हतं, सरांचं पत्र शनिवारच्या टपालाने जायचं होतं. म्हणजे अजून फिरवता येत होतं. पण फिरवायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण सांगितलं की आठ वर्षं संपली. गप्प बसली तर कुणालाही काही कळणार नव्हतं. सहा महिने गोळ्या खायच्या, मशीनचा खटका दाबायचा, बाही लांब ठेवायची. ती दुपारभर मशीन पुसत राहिली. पुसून पुसून त्यात तिला स्वतःचं तोंड दिसू लागलं. मग फडकं टाकून ती कचेरीत गेली.

"सर, मशीन परत धाडा."

रंगनाथ सर वैतागले. "अहो, काल तर तुम्हीच म्हणालात! असं काय करता? कारण काय?"

तिने बाही वर केली आणि सांगितलं. सगळं सांगितलं. तपासनीस काय म्हणाले, तेही सांगितलं. सर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची खुर्ची हळूहळू मागे सरकत होती. त्यांना ते कळत नव्हतं, तिला कळत होतं.

"बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले. "मला तसं काही वाटत नाही हो. पण पालकांना कळलं तर एक पोर इथे राहणार नाही. तुम्ही... तुम्ही उद्यापासून घरीच थांबा. बनुबाईंना मी निरोप पाठवतो, त्या मशीन चालवतील. नशीब, मशीन आहे."

ती उठली. दाराच्या कडीला हात लावताना थबकली, आणि पदराने कडी धरून दार उघडलं.

शनिवारी ती दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी पहिल्या गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावल्या. अंगदला तिने आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. तो बराच वेळ पोती ओढायच्या आपल्या लोखंडी आकड्याशी चाळा करत बसला आणि मग म्हणाला, "गोळ्या खायाच्या. दुसरं काय." पण दवाखान्यातून येताना वस्तीच्या तोंडाशी बसलेल्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या, तेव्हा बातमी आपल्या आधी घरी पोचली हे तिला समजलं. दुपारी शेजारची पोरगी धाकटीला खेळायला बोलवायला आली नाही. सुकन्याने दार अर्धं लोटून घेतलं आणि आत बसली. आता कोण कुठून कसं मागे सरकेल, याचीच ती वाट बघत होती.

उन्हं कलल्यावर अंगणात पावलं वाजली. एक पाय ओढत टाकलेली. बनुबाई होती. ती दारापर्यंत आली नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"सरांचा निरोप आला," ती म्हणाली. "मशीनवर ये म्हनत्यात. का, म्हनून इच्यारलं. खरं हाय का गं?"

सुकन्या उंबऱ्यात आली. "खरं हाय आक्का."

"मंग परवा मला का न्हाई सांगितलंस? मी काय काय बोलले तुला."

"भ्या वाटलं."

बनुबाईने मान हलवली. तिची नजर पुन्हा पुन्हा सुकन्याच्या हाताकडे जात होती आणि बनुबाई ती मुद्दाम वर आणत होती. "म्या त्यास्नी सांगितलं, त्या डबड्याफुडं मी बसनार न्हाई. भाकऱ्याच करायच्या तर दोघी करू. तिनं थापायच्या, म्या भाजायच्या. न्हाईतर तुमीच करून घाला नव्वद पोरास्नी. तर म्हनाले, रोग लागत न्हाई असा डाक्टरचा कागद आना, मंग बघू. आता कागद आनायचा कुठनं ते तू बघ."

"लोक खात्याल का आक्का?" सुकन्याने विचारलं. दोन वर्षांची, आठ वर्षांची, सात वर्षांच्या पोरीच्या वयापासूनची सगळी भीती त्या प्रश्नात होती.

बनुबाईने एकदा मागे रस्त्याकडे बघितलं. समोरच्या ओट्यावरच्या बायका माना लांब करून बघत होत्या. मग ती म्हणाली, "पानी दे प्यायला."

सुकन्या आत गेली. रांजणातून तांब्या भरताना निम्मं पाणी जमिनीवर सांडलं. उजव्या हाताची पकड तिला कळत नव्हती, म्हणून तिने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि डोळ्यांनी हाताकडे बघत बघत बाहेर आणला.

बनुबाईने हात पुढे केला. तांब्या घेताना तिची बोटं सुकन्याच्या बोटांना लागली आणि क्षणभर ती दचकली. ते सुकन्याला स्पष्ट दिसलं. बनुबाई घाबरली होती, सुकन्याइतकीच घाबरली होती. तिने डोळे मिटले, तांब्या थेट तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.